डेल्बर्ट काम्मर्झेलची बुडालेली बंदूक

चारी बाजूंनी गहू, मधनं एक रस्ता, अन् त्या रस्त्यावर थांबायची एक लाल पाटी. नजर जाईल तिथवर दुसरी गाडी दिसत नाही, तरी डेल्बर्ट काम्मर्झेल त्या पाटीपाशी आपला ट्रक पुरता उभा करतो. उजवीकडं बघतो, डावीकडं बघतो, मग निघतो. मागं हौद्यात उभं असलेलं त्याचं कुत्रंसुद्धा त्याच्याबरोबर मान फिरवतं. मी या गावात पेट्रोलपंप अन् दुकान घातलं तेव्हापासनं हे बघत आलोय.

"कोण बघतंय रं तुला?" एकदा मी त्याला विचारलं.

"पाटी बघती की," तो म्हणाला.

असा हा माणूस. अंगानं उभा खांब, खांद्यावर पट्टे असलेली निळी विजार, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी, अन् चर्चचा कारभारी. उभ्या जन्मात खोटं बोलला नाही, असं गाव सांगतं. बायको इर्मा जरा निराळं सांगते. "खोटं बोलत न्हाई त्यो," ती म्हणते. "खरं बोलाय नको असलं की खोकतो."

ही माणसं बोलतात ती इंग्रजी, पण शेतावरची. शब्दांची शेपटं तोडून, अर्धी वाक्यं गिळून. शहरातला माणूस ऐकून गालात हसतो. तिला पुस्तकी मराठी नेसवली तर माझी माणसं मलाच ओळखू यायची नाहीत. मी ती पहिल्यापासनं आमच्या आटपाडीकडच्या बोलीतच ऐकतो, अन् तशीच इथं उतरवतो. कुणाला खेडवळ वाटली तर बरोबरच वाटली.

गावात बंदूक नसलेलं घर एकच, माझं. अन् काडतुसं विकायचं दुकानही माझंच. दूध, ब्रेड, गळाला लावायची गांडुळं अन् काडतुसं एकाच गल्ल्यावर. कोपऱ्यात कॉफीचं भांडं अन् एक लांब टेबल. सकाळी त्या टेबलावर जे ठरतं, ते गावात चालतं.

डेल्बर्ट नियमाला किती पक्का, हे बघायचं असेल तर त्याची बदकं मारायची बंदूक बघावी. बदकांच्या मोसमात बंदुकीत तीनच काडतुसं बसली पाहिजेत, असा नियम आहे. जास्तीची जागा अडवायला काडतुसं बसतात त्या नळीत लाकडाची एक खुंटी घालतात. बाकीचे काठीचा एखादा तुकडा तोडून कोंबतात. डेल्बर्टची खुंटी अक्रोडाच्या लाकडाची, स्वतः तासून तेल देऊन गुळगुळीत केलेली. मोसम संपला तरी तो ती काढत नाही. "आत हाय तर ऱ्हाऊ दे," म्हणतो. "न्हाईतर म्या इसरायचो."

पण त्याच्या जिवाची बंदूक ती नव्हे. त्याच्या आजोबाची एक लांबडी, बारक्या गोळीची बंदूक आहे. लाकडी दांड्याला हाताच्या घामानं काळपट रंग चढलेला. नळीखाली दुसरी बारीक नळी, तीत पंधरा गोळ्या एकीमागं एक बसतात. गव्हात बिळं पाडणाऱ्या खारी मारायच्या तर हिच्यासारखी दुसरी नाही. काम्मर्झेल घराण्यात ही बंदूक बापाकडनं पोराकडं जात नाही. आजोबाकडनं नातवंडाकडं जाते, कारण मधली पिढी कामात असते. पोर बारा वर्षांचं झालं, शिकाऱ्यांचा वर्ग पास झालं, की त्या शरदात आजोबा त्याला घेऊन कापणी झालेल्या टेकडीवर चढायचा. बंदूक हातात द्यायची अन् एकच वाक्य बोलायचं. भाषणबाजी नाही.

"कोरडी ठेव, आन् तोंड भुईकडं ठेव."

झालं. मग खाली येऊन कोबी अन् खिमा भरलेले गरम बन खायचे.

डेल्बर्टला नातवंड एकच, मॅरेन. मुलीची मुलगी. डोंगरापलीकडं शहरात राहायची अन् उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडं यायची. वसंतातच ती शिकाऱ्यांचा वर्ग पास झाली होती अन् ऑक्टोबरात बारा वर्षांची व्हायची होती. आपल्या आजोबाला ती ओपा म्हणायची, आजीला ओमा. यांची मुळं जर्मन, तेवढे दोन शब्द अन् ते बन एवढंच मागं उरलेलं.

त्याच वर्षी मार्चात राज्याच्या राजधानीत कायदा झाला.

राजधानी डोंगराच्या पलीकडं. तिकडं पाऊस, गर्दी अन् मतं, इकडं गहू. कायदा असा, की दहापेक्षा जास्त गोळ्या मावतील अशी मॅगझिनं, म्हणजे बंदुकीत गोळ्या भरायच्या डब्या, जुलैपासनं विकायची नाहीत अन् कुणाला द्यायचीही नाहीत. ज्याच्याकडं आधीपासनं आहेत त्यानं ठेवावीत, पण ती त्याच्यापाशीच राहायची. माझ्या कॉफीच्या टेबलाला त्या सकाळी आग लागली.

"दहा म्हणं!" रॉस्को टेट्झ ओरडला. हा कापणीची यंत्रं दुरुस्त करतो, पोट टेबलाला टेकवूनच बसतो. "दहा का? नऊ का न्हाई? बारा का न्हाई? कुणी मोजलं? बोटं बघून कायदा केला काय त्येंनी?"

"दहा गोळ्यांत हरिण पडत नसंल," इर्मा ब्रेड उचलताना म्हणाली, "तर मॅगझिन नगो, डोळ्याचा डाक्टर बघ."

"इर्मा, परश्न हरणाचा न्हाई!"

"हरणाला इचार."

मग धावपळ झाली. जुलैच्या आत घ्यायचं म्हणून लोक तालुक्याच्या गावाला ट्रक घेऊन गेले. रॉस्कोनं भीतीपोटी मॅगझिनांचं खोकंच उचलून आणलं. घरी येऊन बघतो तर एकही त्याच्या बंदुकीत बसेना. दुसऱ्याच बनावटीची निघाली. आता त्याच्या बायकोनं ती वर्कशॉपात खिडकीच्या फळीवर मांडलीत, अन् त्यांत तो खिळे ठेवतो.

डेल्बर्ट ओरडला नाही. तो कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बसला. मग म्हणाला, "माज्या आज्याच्या बंदुकीत पंधरा मावत्यात."

मॅरेन ऑक्टोबरात बाराची होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जूनमधी देऊन टाक की," रॉस्को म्हणाला.

"जूनमधी ती अकराची हाय."

"मग जुलैनंतर गुमान दे. कोण बघतंय?"

डेल्बर्टनं त्याच्याकडं असं बघितलं, की रॉस्कोनं आपली टोपी सारखी केली.

आता बघा, माणूस कसा कात्रीत सापडला. बारा म्हणजे बारा, हा घराचा नियम. देऊ नका, हा राज्याचा नियम. अन् याला दोन्हीपैकी एकही मोडता येत नाही. बरं, कायद्यात नेमकं काय म्हटलंय ते तरी बघावं, तर तेही नाही. कायदा वाचला म्हणजे मानला, असं त्याचं म्हणणं. टेबलावरच्या कुणीच तो वाचला नव्हता, अन् त्याचा प्रत्येकाला अभिमान होता.

आमच्या भागाचा पोलीस कोरी ब्रँडवोल्ड. तरणा, लाजरा. रविवारच्या शाळेत इर्माच्या हाताखाली शिकलेला. तो कॉफी घ्यायला आला की सुरुवात करायचा, "डेल्बर्ट, त्या कायद्याचं मला तुमाला एक—"

"कोरी, कॉफी पी," डेल्बर्ट म्हणायचा. "त्या कागदाचं नाव माज्यासमूर काडायचं न्हाई."

"पर मी काय म्हंतो—"

"साखर हवी का?"

कोरी साखर घ्यायचा अन् जायचा. असं वसंतभर चाललं.

मॅरेनच्या आईचा आणखी निराळाच घोळ. तिला हा कायदा पटला होता, अन् आपल्या पोरीला ती बंदूक मिळावी हेही तिला पटलं होतं. फोनवर ती बापाला दोन्ही गोष्टी एका दमात सांगायची. डेल्बर्ट फोन ठेवून बराच वेळ खोकायचा.

जूनच्या अखेरीला इर्मा दुकानात आली ती तणतणत. "सॅम," ती मला म्हणाली. संपतचं इथं सॅम झालंय. "माजी टोमॅटोची रोपं कुणीतरी उपटून बादल्यांत कोंबल्यात."

त्यांच्या अंगणात एक जुनी पत्र्याची नाव आहे. कैक वर्षं तिला पाणी लागलं नव्हतं, म्हणून इर्मानं तीत माती भरून टोमॅटो लावले होते.

"हरणं असतील," मी म्हणालो.

"हरणं बादल्या घिऊन येत्यात व्हय रं? आन् नाव धुऊन ठेवत्यात?"

"डेल्बर्टला विचारलंस?"

"इचारलं. खोकला."

जुलै लागला, कायदा लागू झाला अन् टेबलावर जुना विनोद नव्यानं सुरू झाला. हा विनोद बंदूकवाल्यांत सगळीकडं चालतो. कुणी तुमच्या हत्यारांची चौकशी केली की तोंड पाडून सांगायचं: काय सांगू, नाव उलटली, समदं बुडालं. आमच्याकडं त्याला जास्तच धार. शेतातली तळी सोडली तर नाव उलटावी एवढं पाणी गाठायला इथनं अर्धा दिवस गाडी चालवावी लागते.

"कोरी, माजी मॅगझिनं बुडाली बरं का," रॉस्को रोज सांगायचा.

"कुठं?"

"सूपाच्या वाडग्यात."

अन् टेबल हसायचं. कोरीही हसायचा. एका सकाळी तो डेल्बर्टकडं वळून म्हणाला, "आन् तुमची ती आजोबाची? मला खरंच तिच्याबद्दल—"

"बुडाली," डेल्बर्ट म्हणाला. "नाव उलटली."

टेबलाला हसू फुटायच्या आधी आश्चर्य वाटलं. डेल्बर्ट अन् थट्टा?

"आरं, कारभारी खोटं बोलाय लागला!" रॉस्कोनं टेबल बडवलं. "पाद्र्याला बोलवा!"

"म्या खोटं बोलत न्हाई," डेल्बर्ट म्हणाला, अन् त्याचे कान बिटासारखे लाल झाले. आम्ही सगळे पोट धरून हसलो.

हसली नाही ती एकच. आइस्क्रीमच्या पेटीत वाकलेली मॅरेन. शहरात वाढलेली पोर, तिला हा विनोद कुठला ठाऊक? तिला एवढंच ठाऊक, की ओपा कधी खोटं बोलत नाही. तिनं आइस्क्रीम परत पेटीत ठेवलं. गल्ल्यापाशी येऊन हळूच मला विचारलं, "सॅम, ओपाच्या तळ्यात पानी किती हाय?"

"त्याच्या छातीएवढं," मी म्हणालो. गिऱ्हाईक होतं, माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेबल भरलेलं असतानाच इर्माचा फोन आला. "मॅरेन घरात न्हाई. आन् खिळं गोळा करायचं मोठं चुंबकबी जाग्यावर न्हाई."

मी तिचा कालचा तळ्याचा प्रश्न सांगितला अन् डेल्बर्ट उठला. त्याच्या हातनं कप पडला, तो त्यानं उचलला नाही. त्याच्यामागं रॉस्को, कोरी अन् दुकान उघडं टाकून मी. लाल पाटी आली. डेल्बर्टचा ट्रक थांबला. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. आम्ही मागं हॉर्न वाजवत राहिलो.

तळ्याकाठी इर्मा आमच्या आधीच पोचली होती. मॅरेन गुडघाभर चिखलात उभी, केसांत शेवाळ, हातात दोरी. दोरीच्या टोकाला चुंबक. तिच्या मागं काठावर ढीग: घोड्याचा नाल, कुळवाचे दात, पिंपाचं झाकण, अन् इर्माचा एक तवा. तो तवा हरवला म्हणून इर्मानं मागं आपल्या बहिणीशी बोलणं टाकलं होतं. इर्मा तव्याकडं बघत होती. त्याचं काय झालं ते पुढं कधीतरी तिच्या बहिणीलाच विचारा.

"पोरी, भाईर ये," डेल्बर्ट म्हणाला.

"ओपा, तुला पव्हता येत न्हाई म्हनून तू ती काडली न्हाईस," मॅरेन म्हणाली. "मला येतं." अन् तिनं चुंबक पुन्हा भिरकावलं.

"ऱ्हाऊ दे गं. ऑक्टोबरात बघू."

इर्मानं हळूच मान वळवली. "ऑक्टोबरात? बुडालेली वस्तू ऑक्टोबरात पिकून वर येती व्हय?"

डेल्बर्ट खोकला.

तेवढ्यात दोरी ताणली. मॅरेननं ओढून बघितली, हलेना. कोरी बुटांसकट पाण्यात शिरला, रॉस्को त्याच्या मागं, दोघांनी ओढायला सुरुवात केली. बुडबुडे आले, काळा चिखल वर आला, अन् त्यातनं माणसाएवढ्या लांबीचा एक लोखंडी पाइप बाहेर आला. दोन्ही तोंडांना आट्यांची झाकणं.

"आरं, ह्यो तर माज्या विहिरीचा पाइप!" रॉस्को म्हणाला. "मे म्हैन्यात मागून न्हेलाय ह्येनं. म्या इचारलं कशाला, तर खोकला."

सगळे डेल्बर्टकडं बघायला लागले. कुत्रंसुद्धा.

"म्या खोटं बोललो न्हाई," तो म्हणाला. "इर्मा चर्चात गोधड्या शिवायला गेली हुती. तवा म्या नाव तळ्यात घातली. मदी ग्येलो. नाव उलटवली. बंदूक बुडाली. जे झालं त्येच सांगितलं."

"नाव उलटवली?" इर्माचा आवाज चढला. "आन् तू?"

"म्या उभा ऱ्हायलो. छातीएवढंच पानी हाय."

"माजी टोमॅटो उपटून!"

"बादलीत लावली की."

"कशापायी, ओपा?" मॅरेननं विचारलं.

डेल्बर्टनं टोपी काढली. एवढं लांब बोलताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "तुला देता येत न्हाई. कायदा देऊ देत न्हाई. पर तुजी तुला घावली तर? घावनं म्हंजी देनं न्हवं. ऑक्टोबरात तू बाराची झालीस की म्या तुज्या हातात चुंबक देनार हुतो, आन् तळ्याकडं निस्तं बोट करनार हुतो. म्हनून तर लोखंडाचा पाइप घेतला."

मग कोरी काठावर बसला, बूट काढून त्यातलं पाणी ओतलं, अन् माझ्या दुकानात वसंतभर कुणी त्याला जे बोलू दिलं नव्हतं ते बोलला.

"डेल्बर्ट, आता साखर इचारू नगा. मार्चापासनं एवढंच सांगाय येतोय. कायदा काडघाल करायच्या मॅगझिनांचा हाय. बारक्या गोळीच्या बंदुकीची अंगचीच नळी त्यात धरलेलीच न्हाई. पंधरा मावू देत न्हाईतर पंचवीस. ही बंदूक तुमी पोरीला कवाबी देऊ शकत हुता."

रॉस्को पाण्यातच बसला. "आरं मर्दा, मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी बोलू दिलं व्हय?"

इर्मा हसायला लागली. तिचं हसू कापणीच्या यंत्रासारखं, आधी घरघर करतं, मग थांबत नाही. मग मॅरेन, मग मी. डेल्बर्ट तेवढा हसला नाही. तो पाइपापाशी बसून झाकणाचे आटे फिरवत होता.

झाकण निघालं अन् तपकिरी पाण्याची धार त्याच्या बुटांवर पडली. आट्यांना त्यानं ग्रीस चोपडलं होतं, पण आतलं रबराचं वळं घालायला विसरला होता.

आमचं हसू तिथंच थांबलं. बंदूक बाहेर आली ती तेलकट कापडात गुंडाळलेली, पण कापडातनं पाणी गळत होतं. दांडा फुगला होता. खालच्या बारीक नळीतनं चिखल आला. आजोबाकडनं नातवंडाकडं जायला लागल्यापासनं ही बंदूक कधी भिजली नव्हती. पावसातसुद्धा ती कोटाखाली राहायची. डेल्बर्टनं ती मांडीवर घेतली अन् बोटानं नळीचं तोंड पुसत बसला, जसं कुणी पोराचं नाक पुसावं.

"सरकारनं हात लावला नसता," तो म्हणाला. "म्याच बुडवली."

"उठ, म्हाताऱ्या," इर्मा म्हणाली. "ती घरात आन. आन् त्यो तवाबी."

त्या उन्हाळ्यात काम्मर्झेलांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी अन् बंदूक जास्त होती. मेणकापडावर तिचे सुटे भाग मांडलेले. मॅरेन दात घासायच्या ब्रशानं गंज काढायची. रॉस्को स्प्रिंग तेलात बुडवून न्यायचा अन् परत आणायचा. दांडा सावलीत, घडीव लाकडाला सुकवतात तसा, दमानं सुकवला. उन्हात ठेवला असता तर तडकला असता. सुट्टी संपली, मॅरेन शहरात गेली, तरी फोन करून विचारायची, "सुकली का?" तिची आईही विचारायची. कायद्याचं भांडण त्या दोघा बापलेकींनी दांडा सुकेपर्यंत बाजूला ठेवलं होतं.

दांडा सुकला. गंज गेला, पण सगळा नाही. बारीक नळीत एका जागी खरखरीत ठिपका राहिला, अन् नऊ गोळ्यांच्या पुढं दहावी सरकेना. रॉस्कोनं लई खटपट केली.

"राज्य दहा म्हनत हुतं," तो शेवटी टेबलावर म्हणाला. "डेल्बर्टनं राज्याला हारवलं. नवावर आनली."

डेल्बर्टचा कायद्यावरचा राग मात्र तसाच आहे. आता तो कायदा वाचतो, चष्मा लावून, अन् चुका काढतो. कोरी आला की त्यालाच ऐकवतो. कोरी गप्प राहतो अन् साखर घेतो.

ऑक्टोबरात मॅरेन बाराची झाली. टेकडीवर कापणीनंतरची खुंटं पिवळी पडली होती अन् वारा असा, की टोप्या धराव्या लागत होत्या. एरवी ह्या प्रसंगाला आजोबा अन् नातवंड दोघंच असतात. ह्या वेळी इर्मा होती, मॅरेनची आई होती, कोरी गणवेशात होता, मी दुकान बंद करून आलो होतो अन् रॉस्को धापा टाकत सगळ्यात मागनं चढला. तळ्यावर जे होते, ते सगळे टेकडीवर.

डेल्बर्टनं बंदूक कोटाखालनं काढली. उघडून रिकामी आहे ते बघितलं, नातीला दाखवलं. तिच्या हातात दिली. अन् थांबला.

वाक्य राहिलं होतं.

त्यानं आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळे जमिनीकडं बघत होतो. इर्मानं ओठ आत घेतले होते. रॉस्कोचं पोट हलायला लागलं होतं.

डेल्बर्ट खोकला.

"ओपा," मॅरेन म्हणाली, "वाक्य."

"तुला ठावं हाय की."

"तू म्हनायला पायजे. त्याबिगर माजी व्हत न्हाई."

डेल्बर्टनं टोपी काढून छातीशी धरली. वाऱ्यानं त्याचे उरलेसुरले केस उभे राहिले. दूरवर लाल पाटीपाशी कुणाचा तरी ट्रक न थांबता निघून गेला, ते त्यानं बघितलं, मान हलवली, मग नातीकडं वळला.

"कोरडी," तो म्हणाला, अन् रॉस्को फुटला. इर्मा फुटली. कोरीनं टोपीत तोंड घातलं. डेल्बर्ट आवाज चढवून पुढचं बोलला, हसण्याच्या वरनं, पाद्र्यासारखा: "कोरडी ठेव! आन् तोंड भुईकडं ठेव!"

"ठेवते," मॅरेन म्हणाली. बंदुकीचं तोंड जमिनीकडं होतंच. तिनं करंगळी नळीच्या तोंडाशी फिरवली, बोट वर करून आजोबाला दाखवलं. "बघ. कोरडी हाय."

मग आम्ही खाली आलो. बन गार होत होते.